वार्षिक आढावा व नियोजन शिबिर ऑक्टोबरमध्ये का घ्यावे

जिल्हा परिषदेतील खातेप्रमुख आणि गटविकास अधिकारी यांचे दोन दिवसांचे वार्षिक आढावा व नियोजन शिबिर माझ्या पाहण्यात बहुधा एप्रिलच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात होत आले आहे. मार्चअखेरची देयके कोषागारातून पार पडलेली असतात, बदल्यांचा हंगाम सुरू व्हायला थोडा अवकाश असतो, आणि आर्थिक वर्ष नुकतेच उलटलेले असल्यामुळे मागचा हिशेब घेऊन पुढचे ठरवायला हाच काळ योग्य आहे असे सर्वांना वाटते. पंचायत समितीपासून जिल्हा परिषदेपर्यंतच्या नोकरीत मी अशा शिबिरांना मागच्या रांगेतही बसलो आणि पुढे ती आयोजितही केली. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की एप्रिलमधले शिबिर आढाव्याच्या दृष्टीने उशिरा असते आणि नियोजनाच्या दृष्टीने तर फारच उशिरा असते. ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावे, आणि तसे घेतले तर त्याचे स्वरूपही आपोआप बदलेल, हे थोडे सविस्तर मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

एप्रिलमध्ये नव्या वर्षाचे नियोजन करायचे असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ते नियोजन होऊन गेलेले असते. जिल्हा वार्षिक योजनेसाठी नियोजन विभाग जिल्ह्याला कमाल वित्तीय मर्यादा कळवतो, त्या मर्यादेत कार्यान्वयन यंत्रणांकडून प्रस्ताव मागवले जातात, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती प्रारूप आराखड्याला मान्यता देते, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास राज्यस्तरीय बैठकीत वाढीव मागणीवर चर्चा होते आणि मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात अंतिम आकडा येतो. जिल्हा परिषदेचे स्वतःचे, म्हणजे ज्याला आपण सेस म्हणतो त्या स्वनिधीचे अंदाजपत्रकही मार्चमध्येच मंजूर झालेले असते, आणि त्यात मागासवर्गीयांसाठीचे 20 टक्के, महिला व बालकल्याणाचे 10 टक्के आणि दिव्यांगांसाठीचे 5 टक्के ठेवून उरलेल्या रकमेची लेखाशीर्षनिहाय विभागणीही झालेली असते. ग्रामपंचायतींचे म्हणाल तर ‘सबकी योजना, सबका विकास’ ही लोकनियोजन मोहीम 2018 पासून 2 ऑक्टोबरला सुरू होते आणि हिवाळा संपेपर्यंत पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर चढवायचा असतो. याचा अर्थ असा की एप्रिलमध्ये सभागृहात बसलेल्या अधिकाऱ्यांपुढे ठरवण्याजोगे फार थोडे शिल्लक असते. मग शिबिरात जे होते त्याला उद्दिष्टांचे वाटप म्हणणे अधिक योग्य. आलेले उद्दिष्ट तालुक्यांच्या संख्येने भागायचे, तालुक्याचे उद्दिष्ट बारा महिन्यांनी भागायचे, आणि तक्ता पडद्यावर लावून प्रत्येकाने मान डोलवायची, एवढेच काम उरते.

आढाव्याचेही तसेच आहे. एप्रिलमध्ये जो आढावा होतो तो खर्चाच्या टक्केवारीचा होतो, कारण त्या वेळी सगळ्यांच्या हाती ताजा आकडा तोच असतो. बीम्सवर, म्हणजे शासनाच्या निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर, निधी किती वितरित झाला, किती आहरित झाला म्हणजे कोषागारातून काढला गेला, किती समर्पित करावा म्हणजे परत द्यावा लागला, हे तिथे एका दृष्टिक्षेपात कळते. जिल्हा परिषदेच्या बाबतीत मात्र हा आकडा फसवा असतो, आणि तो का फसवा असतो हे नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याला कोणी नीट समजावून सांगत नाही. राज्य शासनाच्या विभागांना जिल्हा वार्षिक योजनेचा निधी त्याच आर्थिक वर्षात खर्च करावा लागतो. जिल्हा परिषदेला मात्र तो कोषागारातून आहरित करून पुढच्या वर्षाच्या मार्चअखेरपर्यंत खर्च करता येतो. त्यामुळे 31 मार्चला नियोजन विभागाच्या दप्तरी जो निधी शंभर टक्के खर्ची पडलेला दिसतो, त्यातला मोठा भाग जिल्हा परिषदेच्या बँक खात्यात असतो आणि ज्या शाळाखोलीसाठी तो आला ती अजून कागदावरच असते.

ही दोन वर्षांची मुदत चांगल्या हेतूने दिलेली आहे, कारण ग्रामीण भागातले बांधकाम पावसाळा आणि जागेच्या अडचणी धरून एका वर्षात पुरे होणे खरोखरच कठीण असते. पण तिचा एक परिणाम नियोजनावर होतो. अपुऱ्या कामांचे दायित्व, म्हणजे त्यांच्यावर अजून द्यायचा उरलेला खर्च, पुढच्या वर्षाच्या नियतव्ययातून, म्हणजे त्या वर्षासाठी ठरवून दिलेल्या निधीतून, आधी वजा करावे लागते आणि जी रक्कम उरते तिच्या दीडपटीपर्यंत नवी कामे घेता येतात. समजा एखाद्या लेखाशीर्षाखाली 10 कोटी रुपये आले आणि आधीचे दायित्व 6 कोटींचे आहे. तर उरलेल्या 4 कोटींवर 6 कोटींची नवी कामे मंजूर होऊ शकतात. म्हणजे वर्ष सुरू होतानाच 12 कोटींची कामे 10 कोटींच्या तरतुदीवर उभी राहतात आणि किमान 2 कोटींचे दायित्व पुढच्या वर्षाच्या नावावर आजच लिहिले जाते. काही कामे रद्द होतील, काहींची निविदा कमी दराने जाईल, हे गृहीत धरून ही सूट आहे, आणि त्या गृहीतात चूक नाही. परंतु कोणती कामे खरोखर रद्द होणार आहेत हे पाहिल्याशिवाय दरवर्षी दीडपटीची मुभा पुरेपूर वापरली, तर तीन-चार वर्षांत नियतव्ययाचा बहुतांश भाग जुन्या कामांतच अडकतो. मला वाटते, वार्षिक शिबिरात आढाव्याच्या नावाखाली सर्वांत आधी टेबलावर यायला हवी ती दायित्वाची यादी, आणि ती कामनिहाय. ती यादी ऑक्टोबरमध्ये पाहिली तर त्या वर्षात अजून सहा महिने हाती असतात आणि पुढच्या वर्षाचे प्रस्तावही गेलेले नसतात. एप्रिलमध्ये पाहिली तर हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही.

ऑक्टोबरचा दुसरा फायदा हवामानाचा आहे. जून ते सप्टेंबर ग्रामीण भागात पायाखोदाई, रस्त्याचे खडीकरण, बंधाऱ्याचे काम यांतले फारसे काही होत नाही. याच काळात अंदाजपत्रके, तांत्रिक मान्यता आणि निविदा उरकून घ्यायच्या असतात. त्या उरकल्या की नाहीत हे पाऊस ओसरल्यावर लगेच पाहिले तर कामाचा खरा हंगाम, म्हणजे ऑक्टोबर ते मे, पूर्ण हाती लागतो. 2024 साली काय झाले ते यंत्रणेतल्या प्रत्येकाला आठवत असेल. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता 16 मार्चला लागली ती जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहिली, मग पावसाळा आला, आणि पावसाळा संपतो न संपतो तोच 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. ज्या कामांचे कार्यारंभ आदेश आधी दिले गेले होते ती चालू राहिली, ज्यांचे आदेश राहिले होते ती नोव्हेंबरअखेरपर्यंत जागच्या जागी थांबली. निवडणुकीचे वर्ष आधीपासून माहीत असते. तरीही आपल्या तक्त्यांमध्ये वर्षाचे बारा महिने समान धरलेले असतात, आणि बारावा हिस्सा गाठला नाही म्हणून जुलैमध्ये गटविकास अधिकाऱ्याला नोटीस जाते.

आता आढावा कसा घ्यावा याविषयी. मी पाहिलेल्या शिबिरांपैकी एकातली एक बैठक माझ्या मनात कायमची राहिली आहे. त्या वर्षी पडदा आणि पीपीटी बाजूला ठेवून, रखडलेल्या कामांपैकी मोजक्या कामांच्या मूळ संचिका सभागृहात मागवल्या होत्या आणि प्रत्येक संचिकेभोवती त्या कामाशी संबंधित सगळे जण बसवले होते. आमच्या टेबलावर एका अंगणवाडी इमारतीची संचिका होती. बालविकास प्रकल्प अधिकारी, बांधकामचे उपअभियंता, शाखा अभियंता, लेखा विभागातले एक सहायक लेखाधिकारी, गटविकास अधिकारी आणि त्या गावचे ग्रामसेवक अशी मंडळी होती. काम एवढेच होते की टिपणीतल्या तारखा एका लांब कागदावर क्रमाने लिहायच्या आणि दोन तारखांमध्ये जास्त अंतर आहे तिथे संचिका कोणाकडे होती व कशाची वाट पाहत होती ते लिहायचे. प्रशासकीय मान्यता डिसेंबरातली होती. तांत्रिक मान्यतेला फेब्रुवारी उजाडला, निविदा आचारसंहितेत अडकली, कार्यारंभ आदेश जुलैत निघाला आणि पाऊस थांबल्यावर ठेकेदार आखणी करायला गेला तेव्हा जागेच्या मालकाच्या भावाने हरकत घेतली. ज्याने तोंडी जागा देऊ केली होती त्याच्या एकट्याच्या नावावर ती जागा नव्हतीच. बक्षीसपत्र झालेले नव्हते, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे मालमत्तांच्या नोंदवहीत, नोंद नव्हती, संचिकेत होता तो फक्त ग्रामसभेचा ठराव. मग दुसरी जागा, नवा ठराव, उताराची जमीन असल्यामुळे जोत्याची उंची वाढली म्हणून सुधारित अंदाजपत्रक, आणि तोवर निधीची मुदत संपत आलेली.

तोपर्यंतच्या प्रत्येक मासिक आढाव्यात या कामापुढे ‘प्रगतीत’ असा शेरा होता, कारण त्या त्या महिन्यात कोणत्या ना कोणत्या टेबलावर खरोखरच काहीतरी चालू होते. त्या कागदावर तारखा उतरल्यावर मात्र कोणालाही दोष न देता एक गोष्ट सर्वांना दिसली, ती म्हणजे जागेची खात्री मंजुरीच्या नंतर होत होती. शाखा अभियंता, जे सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते, त्यांनी तेव्हा सांगितले की त्यांच्या उपविभागातल्या रखडलेल्या इमारतींपैकी बहुतेकांचे दुखणे हेच आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. गायरान असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीला वेळ लागतो, गावठाणात जागा शिल्लक नसते, आणि खाजगी जागेचे बक्षीसपत्र करून घ्यायला कोणी मागे लागत नाही, कारण मागे लागण्याची जबाबदारी कोणाची हे कुठेच लिहिलेले नाही. त्या दुपारी ठरलेला निर्णय साधा होता. पुढच्या वर्षाच्या प्रस्तावात ज्या अंगणवाडीच्या जागेचा नमुना 8 चा उतारा आणि शाखा अभियंत्याचा स्थळपाहणी नकाशा जोडलेला नसेल तिचे नाव जिल्हा परिषदेकडून जाणारच नाही, आणि हे कागद सप्टेंबरअखेर जमा करण्याची जबाबदारी पर्यवेक्षिका व ग्रामसेवक यांची संयुक्त राहील. आढावा आणि नियोजन एकाच शिबिरात का घ्यायचे याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उत्तर हे आहे. मागच्या वर्षी जे अडले ते पुढच्या वर्षाच्या प्रस्तावाची अट म्हणून लिहिता येते. मात्र प्रस्ताव अजून गेलेले नसले पाहिजेत.

मूळ कागद समोर ठेवून वर्षाचा हिशेब घेण्याची पद्धत आपल्या प्रशासनाला नवी नाही. महसूल खात्याचे वर्ष आजही 1 ऑगस्ट ते 31 जुलै असे चालते, आणि वर्षअखेरीला होणाऱ्या जमाबंदीत तलाठ्याचे गाव नमुने, म्हणजे 1 ते 21 क्रमांकाच्या नोंदवह्या, वरिष्ठ स्वतः तपासतात व मागणी, वसुली आणि बाकी यांचा मेळ नोंदींवरून घालतात. या वर्षाची आखणी शेतीच्या हंगामाला धरून झाली आहे. जुन्या महसूल अधिकाऱ्यांचा गावातला मुक्काम आणि दप्तर तपासणी यांच्यामागेही हेच तत्त्व होते की गोषवारा पुरेसा नाही, नोंद पाहिली पाहिजे. 1980 च्या दशकात अनिलकुमार लखिना यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी असताना कार्यालयीन कामाची जी घडी बसवली आणि जी पुढे लखिना पॅटर्न म्हणून राज्यभर ओळखली गेली, तिच्या मुळाशीही कर्मचाऱ्याच्या टेबलावरचे प्रत्येक प्रकरण नेमके कोणत्या अवस्थेत आहे हे डोळ्यांना दिसले पाहिजे हा आग्रह होता. चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागाचे आयुक्त असताना 2017 मध्ये राबवलेली झिरो पेंडन्सीची, म्हणजे एकही प्रकरण प्रलंबित न ठेवण्याची, मोहीम त्याच परंपरेतली. या तिन्ही पद्धतींत प्रलंबित कागद हाच आढाव्याचा विषय होता. व्हिडिओ कॉन्फरन्सच्या सोयीमुळे आपण आठवड्याला आढावा घेऊ लागलो, आणि त्यात कागदाची जागा गुगल शीटने घेतली. आठवड्याच्या आढाव्याला ते पुरेसे आहे. वर्षाच्या आढाव्याला नाही.

शासकीय अधिकाऱ्यांच्या निवासी शिबिरांचा विषय निघाला की गुजरातच्या चिंतन शिबिराचे उदाहरण दिले जाते, आणि ते दिले जावे असेच आहे. 2003 मध्ये सुरू झालेल्या त्या शिबिरात मंत्री, सचिव, जिल्हाधिकारी आणि जिल्हा विकास अधिकारी तीन दिवस एकत्र राहतात, गट करून एकेका विषयावर चर्चा करतात आणि गटांच्या शिफारशी शेवटच्या दिवशी मांडतात. 2023 मध्ये ते एकता नगरला झाले, 2024 मध्ये सोमनाथला. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट गटांची रचना वाटते, कारण सचिव आणि तरुण जिल्हा विकास अधिकारी एकाच गटात बसले की क्षेत्रातली अडचण मंत्रालयापर्यंत पोहोचायला पत्रव्यवहार लागत नाही. देशपातळीवर मुख्य सचिवांची जी राष्ट्रीय परिषद जून 2022 मध्ये धर्मशाळेला पहिल्यांदा झाली, तिथेही मोजकेच विषय घेऊन त्यांवर आधी कित्येक महिने तयारी केली गेली होती. आपल्याकडच्या जिल्हास्तरीय शिबिरांत ही पूर्वतयारी कमी पडते. विषयपत्रिकेवर पंधरा विभाग असतात, प्रत्येकाला वीस मिनिटे असतात, आणि शेवटच्या तीन विभागांची वेळ जेवण लांबल्यामुळे कापली जाते. पंधरा विभागांना वीस मिनिटे देण्यापेक्षा तीन प्रश्नांना अर्धा-अर्धा दिवस द्यावा आणि उरलेल्या विभागांचे लेखी टिपण आधी वाटावे, असे मी नेहमी सुचवत आलो आहे. कोणते तीन प्रश्न, हे ठरवणे हाच शिबिराच्या तयारीतला सर्वांत अवघड भाग आहे, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी तो वेळ काढून स्वतः करावा.

शिबिरात कोण बोलते यावर त्याची उपयुक्तता ठरते. सरकारी खात्यात वरिष्ठ समोर असताना कनिष्ठाने अडचण सांगणे म्हणजे आपली अकार्यक्षमता कबूल करणे असे समजले जाते, आणि कार्यमूल्यमापन अहवाल ज्यांच्या हातात आहे तेच समोर बसलेले असतात, त्यामुळे ही भीती निराधार नाही. म्हणून पहिल्या दिवशी गटचर्चेच्या वेळी मुख्य कार्यकारी अधिकारी आणि अतिरिक्त मुख्य कार्यकारी अधिकारी यांनी सभागृहात नसावे, आणि संध्याकाळी येऊन गटांचे म्हणणे मध्ये न थांबवता ऐकून घ्यावे. हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात ते करणारे अधिकारी मी पाहिले आहेत आणि त्यांच्या शिबिरांत लोक मोकळे झालेलेही पाहिले आहेत. ज्यांनी बाहेर जायचे त्यांना ते खरोखर जड जाते, कारण आपल्या अनुपस्थितीत चर्चा भरकटेल अशी चिंता असते. चर्चा थोडी भरकटते हेही खरे आहे. पण शाखा अभियंता, विस्तार अधिकारी, पर्यवेक्षिका यांच्या तोंडून जे एकदा बाहेर पडते ते वर्षभरातल्या बावन्न व्हीसींमध्ये पडत नाही. याच कारणासाठी शिबिर फक्त वर्ग एकच्या अधिकाऱ्यांपुरते ठेवू नये. प्रत्येक तालुक्यातून दोन-तीन क्षेत्रीय कर्मचारी आणि जिल्हा मुख्यालयातून लेखा विभागातली माणसे त्यात हवीत. मुख्य लेखा व वित्त अधिकारी, ज्यांना आपण सगळे कॅफो म्हणतो, त्यांना बहुतेक वेळा फक्त निधीची स्थिती सांगण्यापुरते बोलावतात. वास्तविक कोणत्या प्रकारच्या देयकांवर दरवर्षी त्याच त्या हरकती निघतात हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते, आणि विधिमंडळाच्या पंचायत राज समितीच्या दौऱ्यात उत्तरे देण्याची वेळ येते तेव्हा लेखापरीक्षणातले तेच परिच्छेद पुन्हा समोर येतात.

जागेबद्दल फार लिहायला नको. पुण्याच्या यशदासारख्या शासकीय प्रशिक्षण संस्थेत सोय झाली तर उत्तम, नाहीतर जिल्ह्यातलेच एखादे कृषी विज्ञान केंद्र किंवा प्रशिक्षण केंद्र चालते. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याची गरज नाही. मुक्काम मात्र हवाच, कारण मुख्यालयात घेतलेल्या शिबिरात दर तासाला कोणीतरी सहीसाठी बाहेर जाते. रात्रीच्या जेवणानंतर दोन गटविकास अधिकारी आपापल्या तालुक्यातल्या घरकुलांच्या हप्त्यांविषयी बोलत बसतात, त्या गप्पांतून जे आदानप्रदान होते तेही शिबिराचेच फळ आहे.

लोकप्रतिनिधींचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे आणि त्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद 243 झेडडीप्रमाणे जिल्हा नियोजन समितीचे काम पंचायती आणि नगरपालिका यांनी तयार केलेल्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करणे हे आहे, आणि तिचे किमान चार पंचमांश सदस्य या संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे आहेत. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हापासून नियोजनात निवडून आलेल्या सदस्याचा वाटा हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य राहिले आहे. 2022 च्या मार्चपासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. त्यानंतर पुढची काही वर्षे स्थायी समिती नव्हती, विषय समित्या नव्हत्या, सर्वसाधारण सभा नव्हती. निर्णय लवकर झाले हे कबूल केले पाहिजे. परंतु एखाद्या वाडीवरची पाणीपुरवठा योजना पूर्ण म्हणून दाखवली आहे आणि नळाला पाणी नाही, हे सभागृहात उभे राहून सांगणारा माणूस त्या काळात नव्हता, आणि आपला आढावा आपल्याच अहवालांवर चालत राहिला. या कारणामुळे शिबिराचा एक अर्धा दिवस सदस्यांसाठी आणि काही सरपंचांसाठी राखून ठेवावा, त्यांना दायित्वाची कामनिहाय यादी आधी द्यावी आणि त्यांनी तिच्यावर बोलावे. पंधराव्या वित्त आयोगाचा 80 टक्के निधी ग्रामपंचायतींना आणि 10-10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला अशी वाटणी आपल्या राज्यात झाली. ज्यांच्या हाती 80 टक्के गेला त्यांना वगळून जिल्ह्याचे नियोजन करणे मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे नियोजनाच्या दिवशी, नव्या उपक्रमांची यादी करण्याचा मोह आवरावा. जानेवारी 2025 मध्ये राज्य शासनाने कार्यालयीन सुधारणांसाठी जो शंभर दिवसांचा कार्यक्रम दिला त्यात सातच मुद्दे होते : संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रारींचे निवारण, कार्यालयातील सोयीसुविधा, गुंतवणुकीला चालना आणि क्षेत्रीय भेटी. तो कार्यक्रम तालुका पातळीवरही लोकांच्या लक्षात राहिला, याचे श्रेय माझ्या मते मुद्दे मोजके असण्याला आणि मुदत ठरलेली असण्याला आहे. भारतीय गुणवत्ता परिषदेसारख्या त्रयस्थ संस्थेकडून मूल्यमापन करून घेतले गेले हेही महत्त्वाचे, कारण गुण देणारा आपल्या रांगेतला नव्हता. त्याच धर्तीवर जिल्ह्याच्या शिबिरातून पाच-सहापेक्षा जास्त निर्णय बाहेर पडू नयेत, आणि त्यांतला किमान एक निर्णय काहीतरी बंद करण्याचा असावा. एकाच माहितीचे तीन वेगवेगळे साप्ताहिक विवरणपत्र, वर्षानुवर्षे लाभार्थी न मिळणारी सेस फंडातली एखादी वस्तुवाटपाची योजना, जागाच नसल्यामुळे मान्यता मिळून पडून असलेली कामे, असे बंद करण्याजोगे प्रत्येक विभागात काही ना काही निघते. कामे रद्द करण्याचा प्रस्ताव ऑक्टोबरमध्ये तयार झाला तर डिसेंबरच्या जिल्हा नियोजन समितीपुढे तो ठेवता येतो आणि तितके दायित्व खरोखर कमी होते.

राहिला प्रश्न शिबिरानंतरचा. इतिवृत्त पंधरा दिवसांनी निघते, त्यात ‘सर्व संबंधितांनी दक्षता घ्यावी’ असे वाक्य असते आणि त्याचा अनुपालन अहवाल कोणी मागत नाही. इतिवृत्त शिबिराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सगळे हजर असतानाच वाचून अंतिम करावे. प्रत्येक निर्णयापुढे पदनाम आणि तारीख असावी, आणि पदनामाच्या जागी ‘सर्व संबंधित’ हे शब्द वापरायला मनाई असावी. अनुपालनाची पहिली तपासणी जानेवारीत, सुधारित अंदाजाचे आणि पुनर्विनियोजनाचे काम चालू असताना करावी, म्हणजे ज्या कामांना गती आली नाही त्यांचा निधी मार्चच्या गर्दीआधी वळवता येईल. दुसरी एप्रिलमध्ये, बदल्यांच्या आधी. मे महिन्यात बदल्या होतात तेव्हा जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या कार्यभार हस्तांतरणाच्या कागदांत हे इतिवृत्त आणि त्यावरची त्या दिवसापर्यंतची स्थिती जोडणे सक्तीचे करावे. नव्या गटविकास अधिकाऱ्याला जुलैमध्ये कोणीतरी विचारतेच की अमुक काम का झाले नाही. त्या वेळी तो रुजू झाल्या दिवसापासून त्याच्याकडे त्याचा इतिहास असायला हवा.

यंदा ज्यांना असे शिबिर घ्यायचे असेल त्यांनी सूचनापत्र ऑगस्टअखेर काढावे. त्यासोबत प्रत्येक विभागाकडून तीनच गोष्टी मागवाव्यात : दायित्वाची कामनिहाय यादी, दोन वर्षांची मुदत येत्या मार्चला संपणारी कामे, आणि रखडलेल्या कामांपैकी विभागप्रमुखांनी स्वतः निवडलेली एक मूळ संचिका. पीपीटी मागवू नये. संचिका आणताना तिच्यासोबत त्या कामाचा शाखा अभियंता आणि त्या गावचा ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, यांनाही शिबिराचे पत्र जावे, आणि त्यांचा प्रवासभत्ता कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचा ते त्याच पत्रात लिहावे, नाहीतर ते येत नाहीत.